निवारणराव विरुद्ध कोंबडी

डॉक्टरीणबाई दोनच वाक्यं बोलल्या होत्या. पहिलं निवारणरावांच्या बायकोबद्दल होतं आणि दुसरं कोंबडीबद्दल. निवारणरावांनी दुसरं ऐकलं.

"औषधं लागू पडत नाहीयेत, जंतूंना त्यांची सवय झालेली दिसतेय," हे पहिलं. "असले चिवट जंतू हल्ली सुपरमार्केटातल्या कोंबडीवरसुद्धा सापडतात," हे दुसरं. दुसऱ्या वाक्यात 'सुद्धा' हा शब्द होता हे मान्य. पण 'सुद्धा'कडे लक्ष देणारा माणूस वीज कंपनीच्या तक्रार निवारण कक्षात उभी हयात काढू शकत नाही, आणि निवारणरावांनी ती काढली होती. नावही त्यांना तिथेच पडलं. खरं नाव काय होतं ते आता कंपनीच्या पगार विभागाला आणि सासूबाईंना तेवढं ठाऊक होतं.

बायकोचं दुखणं तिसऱ्यांदा उलटलं होतं. लघवीला जळजळ, थंडी वाजून ताप, कमरेत कळ. चारचौघांत सांगण्यासारखं दुखणं नव्हतं, म्हणून घरात त्याला नावच नव्हतं. "परत सुरू झालंय बरं का," एवढंच ती म्हणायची, आणि निवारणराव स्टुलावर चढायचे.

स्टुलावर का, हे सांगायला हवं. त्यांच्या कपाटाच्या माथ्यावर बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता आणि त्या डब्यावर अख्ख्या इमारतीची श्रद्धा होती. डॉक्टर गोळ्या लिहून देतात त्या आठवडाभराच्या, आणि माणसाला बरं वाटतं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. मग राहिलेल्या गोळ्यांचं करायचं काय? उधळे लोक त्या उगाच गिळून टाकतात. बेजबाबदार लोक फेकून देतात. निवारणराव त्या डब्यात ठेवत. ठेवताना औषधाच्या नावाच्या फंदात ते पडत नसत, कारण औषधांची नावं कंपन्या मुद्दाम अवघड ठेवतात असं त्यांचं मत होतं. त्यांनी अवयववार पुड्या केल्या होत्या. घसा, दात, पोट, आणि इतर. बायकोचं दुखणं 'इतर'मध्ये येई.

हळूहळू हे इमारतीत पसरलं. कुणाचा घसा धरला, कुणाची दाढ ठणकली की लोक जिना चढून यायचे. पद्धत वाचनालयाची होती. गोळ्या न्यायच्या, बरं वाटलं की उरलेल्या परत आणून द्यायच्या. आणि लोक इतके सरळ की खरोखर परत आणून देत. दोन गोळ्यांत भागलं तर तिसरी कुणी घेत नसे. "दुसऱ्याच्या उपयोगी पडेल," म्हणत. निवारणरावांना अशा वेळी समाजाबद्दल आशा वाटायची.

तर दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ती दोन वाक्यं बोलण्याआधी एक प्रश्न विचारला होता. "मधल्या काळात दुसऱ्या कुठल्या गोळ्या घेतल्या होत्या का?"

बायकोने तोंड उघडलं. निवारणराव म्हणाले, "छे, छे. तुम्ही द्याल तेवढंच."

हे खोटं आहे असं त्यांना त्या क्षणी वाटलंच नाही. डब्यातली प्रत्येक गोळी कुठल्या ना कुठल्या डॉक्टरने कुणाला ना कुणाला दिलेलीच होती. डॉक्टर ही सगळी एकच जमात धरली तर उत्तर चोख होतं. बायकोने तोंड मिटलं. डॉक्टरीणबाईंनी एक गोळी लिहून दिली. ती दिसायला डब्यातल्या एका गोळीसारखीच निघाली, हे बघून निवारणरावांना त्यांच्याबद्दल आदर वाटला.

घरी येईपर्यंत त्यांच्या डोक्यात कोंबडी पक्की बसली होती. दर आठवड्याला ते कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटातून कोंबडी आणत. चकचकीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, खाली स्पंज घातलेली, इतकी स्वच्छ की तिच्यावर संशय घेणं असभ्यपणाचं वाटावं. हीच ती, असं त्यांना आता वाटलं. जन्मभर तक्रारी ऐकणाऱ्या माणसाला एक तरी तक्रार स्वतः करून बघायची असते. खाटकाला कधीतरी भाजी चिरावीशी वाटते, तसं.

त्यांनी एक कोंबडी विकत आणली. न खाण्याच्या हेतूने कोंबडी नेणारे ते त्या दुकानाचे पहिलेच गिऱ्हाईक असावेत.

समोरच्या घरातले भूगोलाचे निवृत्त मास्तर बघायला आले. मास्तरांना सगळ्या विषयांत गती होती, भूगोल सोडून. "नुसती नेऊन चालणार नाही," ते म्हणाले. "सील पाहिजे. नाहीतर ते म्हणतील, तुम्हीच घरी काहीतरी चोळलंत."

"मी कशाला चोळू?"

"तुम्ही नाही हो. ते म्हणतील."

सील कसलं करायचं यावर चर्चा झाली. लाखेचं करावं तर लाख कुठे मिळते हे कुणाला माहीत नव्हतं. शेवटी वरच्या मजल्यावरच्या शिवणाच्या काकूंनी कोंबडीला मापाची कापडी पिशवी शिवली, तोंडाला दुहेरी टाके घातले आणि वर हौसेने पायपिंग केलं. "आता देवाच्या बापाची छाती नाही उघडायची," त्या म्हणाल्या.

अन्न तपासणी कार्यालयातल्या कारकुनाने ती पिशवी दोन्ही बाजूंनी दाबून पाहिली. "हे काय, उशी?"

"कोंबडी आहे. तपासून हवीय."

"आम्ही खासगी कोंबडी घेत नाही. आमचा माणूस दुकानात जाऊन नमुना घेतो."

"मग पाठवा की माणूस."

"तक्रार आली की पाठवू."

"ही तक्रारच आहे."

"ही कोंबडी आहे," कारकून शांतपणे म्हणाला. "तक्रार लेखी लागते."

निवारणरावांना राग यायला हवा होता. पण एका गवयाने दुसऱ्याची तान ऐकावी तशी त्यांची मान आपोआप डोलली. त्यांनी तिथेच बसून तक्रार लिहिली. आजाराचं स्वरूप या ठिकाणी बराच विचार करून 'कौटुंबिक' असं लिहिलं. कारकुनाने ते वाचलं, निवारणरावांकडे पाहिलं, आणि सहानुभूतीने शिक्का मारला.

माणूस येईपर्यंत कोंबडी पुरावा म्हणून टिकायला हवी, असं मास्तरांचं म्हणणं पडलं. निवारणरावांच्या फ्रीजमध्ये जागा नव्हती, म्हणून ती इमारतीच्या सेक्रेटरींच्या फ्रीजरमध्ये ठेवली. दुसऱ्याच दिवशी सकाळी वीज गेली ती संध्याकाळपर्यंत आली नाही. सेक्रेटरींनी वीज कंपनीला फोन लावून तो निवारणरावांच्या हातात दिला. पलीकडून त्यांचाच कनिष्ठ सहकारी त्यांनीच घडवलेल्या वाक्यात म्हणाला, "आपली तक्रार योग्य त्या स्तरावर पोहोचलेली आहे." निवारणरावांनी आवाज बदलून "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. तोवर पायपिंग लावलेल्या पिशवीतून पाणी सुटून सेक्रेटरींच्या आईस्क्रीममध्ये उतरलं होतं. जिन्यात वास पसरला. त्या दिवसापासून इमारतीतली पोरं त्यांना कोंबडीकाका म्हणू लागली, आणि जन्मभर जपलेलं 'साहेब' हे संबोधन एका दुपारीत गेलं.

मोहीम आता अंगाशी आली होती, म्हणजेच मागे फिरणं अशक्य झालं होतं. ते सुपरमार्केटच्या मॅनेजरलाही जाऊन भेटले. तो त्यांच्या निम्म्या वयाचा, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, तुम्हाला दुसरी कोंबडी देऊ का?"

"मला एक कोंबडी नकोय. या खेपेच्या सगळ्या परत मागवा. जिथे जिथे गेल्या असतील तिथून."

"तसा निकाल आला तर मागवू," तो म्हणाला, आणि त्यांना दारापर्यंत सोडायला आला. हा सभ्यपणा निवारणरावांना फार झोंबला.

इकडे बायको दिवसेंदिवस कोमेजत होती. नव्या गोळीने चार दिवस बरं वाटलं, म्हणून शिरस्त्याप्रमाणे ती थांबवून उरलेल्या डब्यात गेल्या. मग ताप परत आला.

"अहो, डॉक्टरीणबाईंकडे जाऊन येऊ या का?" ती म्हणाली.

"निकाल येऊ दे की. निकाल हातात असला म्हणजे त्यांनाही नेमकं सांगता येईल. तोवर हे घे." आणि स्टुलावर चढून त्यांनी 'इतर'मधल्या दोन दिल्या. त्याही लागू पडल्या नाहीत, तेव्हा 'पोट'मधल्या दोन दिल्या.

ती गोळ्या घ्यायची. तिचा त्यांच्यावर विश्वास होता. तो किती होता, हे त्यांना पुढे कळायचं होतं.

शेवटी अन्न तपासणीचा माणूस दुकानात जाऊन रीतसर नमुना घेऊन आला, आणि सुनावणीची तारीख लागली. त्या सकाळी बायकोचे दात वाजत होते. "आज मला जास्त वाटतंय," ती म्हणाली.

"आजच्या दिवस सोस," निवारणराव म्हणाले. "तू समोर असलीस की त्यांना कळेल मी का भांडतोय ते." आणि तिला शालीत गुंडाळून ते घेऊन गेले.

मास्तर, शिवणाच्या काकू आणि सेक्रेटरी पाठिंब्याला आले होते. आईस्क्रीमचं सगळं विसरून सेक्रेटरी आले, हे विशेष. समोर अधिकारीबाई, बाजूला मॅनेजर. भिंतीवर एक घड्याळ होतं, ते बंद होतं.

निकाल निवारणरावांच्या बाजूने लागला. कोंबडीवर जंतू सापडले होते, आणि नेहमीच्या दोन औषधांना ते दाद देत नव्हते. अधिकारीबाईंनी सगळ्यांना समजेल असं सांगितलं. "पक्षी लवकर वाढावेत, आजारी पडू नयेत म्हणून काही ठिकाणी त्यांना औषध खायला घालतात. थोडं थोडं. त्यात जे जंतू मरायचे ते मरतात. जे उरतात ते चिवट होऊन उरतात."

मॅनेजर उभा राहिला. "आम्हाला मान्य आहे. ही खेप आम्ही परत मागवतो. आमचीही जबाबदारी आहे."

इथे निवारणरावांनी नमस्कार करून घरी जायला हवं होतं. पण जिंकलेल्या माणसाला भाषण केल्याशिवाय अन्न पचत नाही. ते उभे राहिले.

"थोडं थोडं औषध," ते म्हणाले, "हा शब्द लक्षात घ्या. पुरतं नाही. रोग मरेल एवढं नाही. जंतूला आपली ओळख होईल एवढंच. म्हणजे यांनी जंतूंची शिकवणी घेतली. ज्यांना औषधातलं ओ की ठो कळत नाही, त्यांनी मुक्या जिवांना मनाला येईल तसं औषध चारलं, आणि त्याची फळं कोण भोगतंय?" त्यांनी बायकोकडे हात केला. शालीतली बायको थरथरत होती, त्यामुळे परिणाम चांगला साधला. "हिचा आजार यामुळेच झाला, अशी नोंद व्हावी."

मास्तरांनी टाळी वाजवायला हात उचलले, पण कार्यालय आहे हे आठवून ते मांडीवर ठेवले.

"आजाराचं मला एकदम सांगता येणार नाही," अधिकारीबाई म्हणाल्या. "बाई, याआधी तुम्ही काही औषधं घेत होता?"

निवारणराव "छे" म्हणणार होते. पण भाषणाने घसा कोरडा पडला होता आणि बाईंनी प्रश्न बायकोलाच विचारला होता.

"हो, हे देतात ना," बायको म्हणाली. "दवाखान्यात जायची वेळच येऊ देत नाहीत. घरात डबा भरलेला असतो. दोन-चार गोळ्यांत बरं वाटतं, मग थांबवतो. परवा 'इतर'मधल्या दिल्या, त्यानंतर पोटाच्या." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. उलट नवऱ्याची बाजू बळकट करतो आहोत, असा भाव होता.

"कसला डबा?" अधिकारीबाईंनी विचारलं.

यावर शिवणाच्या काकूंना राहवलं नाही. "अहो, हे फार करतात लोकांसाठी. माझा घसा धरला होता, यांच्या दोनच गोळ्या घेतल्या. उरलेल्या दुसऱ्या दिवशी परत. मी कुणाची वस्तू ठेवून घेत नाही."

"माझ्या दाढेला यांचीच मात्रा लागते," मास्तर म्हणाले. "दर दोन-तीन महिन्यांनी लागते."

"आमच्या इमारतीत डॉक्टरची पाटी नाही," सेक्रेटरी म्हणाले, "पण उणीव म्हणून कधी भासली नाही. यांचा त्याग आम्ही जवळून बघितलाय."

एकेक जण कौतुकाची वीट रचत होता आणि निवारणराव त्या भिंतीत चिणले जात होते. भाषणातलं एकेक वाक्य त्यांच्याकडे परत येत होतं. अधिकारीबाईंनी लिहिणं थांबवलं होतं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या त्यांच्याकडे बघत होत्या.

बोलला तो मॅनेजर, आणि तोही हळू. "काका, काकूंना फार थंडी वाजतेय. माझी गाडी खाली आहे."

कोंबडीवाल्यांच्या गाडीतून बायकोला हॉस्पिटलात न्यावं लागलं. वाटेत मॅनेजरने काकूंसाठी गाडीचा एसी बंद केला. निवारणरावांना जन्मात पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी आपल्याला शिव्या द्याव्यात.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई आल्या. डब्याचं बायकोने त्यांना सांगितलं. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला होता. आता तोंडाने घ्यायच्या गोळ्यांचं काम राहिलं नव्हतं, शिरेतून इंजेक्शनं द्यायची होती, आणि तीही लागू पडतात का हे बघायचं होतं.

"लागू नाही पडली तर?" निवारणरावांनी विचारलं.

"मग माझ्याकडे फारसं काही उरत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "डब्यातल्या गोळ्यांचं तेव्हाच का नाही सांगितलंत? मी विचारलं होतं. हीच इंजेक्शनं त्याच दिवशी सुरू केली असती. तुम्ही 'छे' म्हणालात, म्हणून मी ती गोळी दिली."

निवारणरावांकडे अशा प्रसंगासाठी तयार वाक्यं पुष्कळ होती. ती त्यांनी बाजूला ठेवली. "मी खोटं बोललो," ते म्हणाले. हे वाक्य ते आयुष्यात पहिल्यांदाच वापरत होते आणि ते आश्चर्यकारक रीतीने छोटं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा रिकामा करून त्यातला सगळा ऐवज त्यांनी हॉस्पिटलच्या औषध विभागात देऊन टाकला. मग इमारतीत दारोदार फिरले. लोकांकडे गेलेल्या गोळ्या परत मागवायच्या होत्या. सुपरमार्केटने आपल्या कोंबड्या अर्ध्या दिवसात परत आणल्या, असं कळलं होतं. निवारणरावांना ते जमेना. शिवणाच्या काकूंनी ओशाळून एक पुडी काढून दिली. "परत द्यायच्या राहून गेल्या हो. रागावू नका."

"काकू, चूक माझी आहे. माझ्यामुळे ती तिथे पडलीय."

"भलतंच काय. कोंबडीमुळे पडलीय. सरकारी माणसांनी सिद्ध केलंय, मी होते की तिथे."

मास्तर तर दाराआडून बाहेरच येईनात. "दोन ठेवतो," ते म्हणाले. "दाढेचं सांगता येत नाही."

"त्या घेऊ नका, मास्तर. त्यांचाच हा परिणाम."

"तुम्ही मनाला लावून घेतलंय," मास्तर मायेने म्हणाले. "विश्रांती घ्या. आणि हो, गच्चीवर तुमचं कौतुक करायचं ठरतंय. कोंबडीच्या विजयाबद्दल. नाही म्हणू नका."

सगळ्या इमारतीत त्यांना दोष देणारा एक माणूस सापडला नाही. माणसाला शिक्षा झाली तर ती भोगता तरी येते. त्यांच्या गुन्ह्याची कुणी नोंदच घ्यायला तयार नव्हतं.

इंजेक्शनं लागू पडली. लगेच नाही. मधला काळ निवारणरावांनी पलंगाशेजारच्या लोखंडी खुर्चीत काढला. ताप मोजायला नर्स आली की ते तिच्या चेहऱ्याकडे बघत, कारण थर्मामीटर मागायची त्यांना हिंमत होत नसे. मग एका सकाळी बायको घामाने भिजून जागी झाली आणि तिने चहा मागितला. निवारणराव चहा आणायला गेले ते बाहेरच्या नळापाशी बराच वेळ तोंड धूत उभे राहिले.

ते परतले तेव्हा नर्स इंजेक्शन भरत होती.

"अजून किती राहिलीत, सिस्टर?" बायकोने विचारलं.

"निम्मी झालीत. निम्मी राहिलीत."

"मला आता छान वाटतंय," बायको म्हणाली. "पुरे झाली की. राहिलेली बांधून द्या. हे ठेवतील जपून. कुणाच्या तरी उपयोगी पडतील."

नर्स हसली. तिला वाटलं, पेशंट चेष्टा करतेय.

"नको," निवारणराव घाईने म्हणाले. "सगळी द्या. शेवटचं धरून सगळी."

बायकोने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. चेहरा सरळ होता. संसाराला इतकी वर्षं झाली, पण ती चेष्टा करत होती, की खरंच अजून तिचा त्यांच्यावर तेवढाच विश्वास होता, हे त्यांना त्या चेहऱ्यावरून कळेना. विचारावं असं दोनदा मनात आलं. पहिलं उत्तर आलं असतं तर सोसवलं असतं. दुसऱ्याची त्यांना भीती वाटली.

म्हणून त्यांनी खाली वाकून तिच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं. ते आधीच नीट होतं.